दोन देशांचा फळा

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, माझ्यावर कधी कुणी पाढे लिहिले नाहीत. द्राक्षं पेट्यांत भरून परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये, कामाच्या लांब टेबलांसमोर मी टांगलेला होतो.

सुतारानं मला दोन हात काळा रंग दिला आणि मधोमध पांढरी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं 'आपण', उजवीकडे 'ते'. 'ते' म्हणजे समुद्रापलीकडचा एक देश. त्यांची द्राक्षं आणि आमची द्राक्षं एकाच बाजारात उतरायची. दोन्ही देशांनी आजवर किती पेट्या पाठवल्या, ते आकडे रोज सकाळी फोनवर यायचे आणि माझ्यावर चढायचे.

मला तेव्हा भारी ऐट होती. आल्या आल्या सगळ्या बायका आधी माझं तोंड पाहायच्या, मग ॲप्रन बांधायच्या. माणसांची एक गंमत मी तिथंच पाहिली. नुसतं 'एवढ्या पेट्या भरल्या' म्हटलं तर कुणी मान वर करत नाही. शेजारी दुसऱ्याचा आकडा मांडला, की कात्र्या भराभर चालू लागतात. त्या देशातलं चिटपाखरूही कुणी पाहिलेलं नव्हतं, पण 'आज त्यांची जिरवली' म्हणून एकमेकींना टाळ्या द्यायच्या.

माझ्यावर लिहायची ती मुकादमबाई. तिला सगळ्या थोरली म्हणत, कारण तिची धाकटी बहीणही तिथंच कामाला होती. धाकटी दाराजवळच्या टेबलावर घडातले खराब मणी कापायची. मुद्दाम दाराजवळ, कारण तिला दमा होता. पेट्यांत द्राक्षं टिकावीत म्हणून गंधकाचा कागद घालतात, आणि शीतगृहात त्याचा वास कोंडून राहतो. तिथं पाऊलही टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात 'ते' अकरा लाख त्रेपन्न हजारांवर थांबले. त्यांचा माल संपला. आम्ही बारा हजार पेट्यांनी मागे होतो. पॅकहाऊसचे साहेब टेबलाटेबलावर जाऊन सांगू लागले, "आता सोडायचं नाही!"

बुधवारी ट्रकचा ड्रायव्हर बसायला म्हणून बंदरावरून एक रिकामी पेटी घेऊन आला. पेटी 'त्यां'ची होती, परदेशच्या बाजारातून परतलेल्या कंटेनरमध्ये राहून गेलेली. थोरलीनं सहज तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि तशीच साहेबांकडे आली. साहेब माझ्यापाशीच उभे होते.

"साहेब, त्यांची पेटी आठ किलोची आहे. आपली पाच किलोची. आपण पेटीला पेटी लावत बसलोय. वजन धरलं तर आपण त्यांच्या जवळपाससुद्धा नाही."

"मला ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? आकडा जवळ दिसतो म्हणून हात चालतात. चार दिवस कळ काढ. तुझ्या बहिणीला कायम करतो. बारा महिने काम, तेही दाराजवळच्या टेबलावर."

मला थोरलीचा राग आला नाही. बहिणीचं भलं होणार, एवढंच तिला दिसलं. दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीच्याच सुबक अक्षरात पेट्यांचे आकडे लिहिले.

शुक्रवारी दोन हजार पेट्या कमी होत्या. देशातल्या बाकीच्यांचा माल संपला होता, आणि आमच्या शीतगृहात तीन हजार तयार होत्या. गाडी दाराशी लागली होती. पेट्या चढवणाऱ्या टोळीतल्या दोघी आल्या नव्हत्या.

"ताई, मी जाते आत," धाकटी म्हणाली.

"तू नको. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तासाभराचं तर काम. तोंडाला फडकं बांधते. अगं, दोन हजारांसाठी हरायचं का आता?"

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हललेले मी पाहिले. एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्यात साहेब दारात येऊन उभे राहिले.

"लवकर बाहेर ये," थोरली म्हणाली.

चाळीस मिनिटांनी धाकटीला चौघींनी उचलून आणलं. ओठ निळे पडले होते. ती हवेसाठी हात झाडत होती आणि थोरली तिच्या छातीवर हात फिरवत "ताई आहे ना, ताई आहे ना" एवढंच म्हणत होती. दवाखाना गाठायच्या आधीच धाकटी गेली. द्राक्षांची गाडी मात्र वेळेवर सुटली. साहेबांनी स्वतः खडू घेऊन लिहिलं: आपण अकरा लाख चोपन्न हजार. कुणी टाळी वाजवली नाही.

मंगळवारी थोरली आली. बायका टेबलं धूत होत्या. तिनं पदरानं मला पुसलं आणि पहिल्यांदाच किलो लिहिले. 'आपण' सत्तावन्न लाख सत्तर हजार. 'ते' ब्याण्णव लाख चोवीस हजार.

बायका हातातली फडकी तशीच धरून वाचत राहिल्या. मग धाकटीच्या शेजारी काम करणारीनं विचारलं, "ताई, हे तुला कधी कळलं?"

खोटं बोलायला तिला तेव्हाही कुणी अडवलं नव्हतं.

"बुधवारी," ती म्हणाली.

कुणी शिवी दिली नाही, कुणी रडलंही नाही. एकेक करून सगळ्यांनी पाठ फिरवली आणि टेबलं धुवायला घेतली. थोरली ॲप्रन खुंटीला अडकवून निघून गेली. ती पुन्हा आली नाही.

त्याच दुपारी साहेबांनी मला उतरवलं. आता मी मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. नवा फळा आणलाय म्हणे, त्यावरही मधोमध रेघ आहे. थोरलीला बोल लावणारे पुष्कळ आहेत. मी लावणार नाही. तिनं जे तीन दिवस लपवलं, ते मी अख्खा हंगाम अंगावर मिरवलं. कुणाला चुलीसाठी हवा असेन तर मला घेऊन जा. चांगला वाळलेला आहे, लगेच पेटेन.