दोन कुलपांचं शटर

गहिनीनाथने शटरला लाथ घातली. शटरला काय फरक पडतोय; पत्रा नुसता खणाणला आणि गहिनीनाथचा अंगठा ठणकायला लागला. दातओठ खात त्याने डावीकडचं आपलं कुलूप काढलं, खिशात टाकलं आणि उजवीकडे पाहिलं. उजवीकडचं कुलूप जागच्या जागी होतं. ते तानाजीचं. तानाजीचं दार भिंतीपलीकडे, आणि तेही बंद.

उठला नसेल असं नाही. उठून, चूळ भरून, चहा पिऊन मुद्दाम दाराआड उभा असेल. धाकटा भाऊच तो, त्याची नस न् नस गहिनीनाथला माहीत होती. रानातली ओल, वापसा, निघून चालला होता, आज कुळवाची पाळी घातली नाही तर ढेकळं निघणार होती, आणि ट्रॅक्टर या शटरच्या आत. शटरची स्प्रिंग तुटलेली. एकट्याने उचलायचं म्हटलं तर कंबर मोडेल पण शटर वीतभरही हलणार नाही, अशी अवस्था.

रस्त्याने सोमनाथ मोटारसायकलवर दुधाची कॅन घेऊन चालला होता. त्याने गाडी हळू केली, एक पाय टेकवला.

"काय आप्पा, हात लावू का?"

गहिनीनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर एक वेळ चाललं असतं.

"हात लावायसारकं काय न्हाई. तू जा, दूध नासंल."

सोमनाथ गालातल्या गालात हसला आणि गेला. त्याला हसायचा हक्कच होता म्हणा. मागच्या खेपेला सरपंचपद महिलेला सुटलं, तेव्हा गहिनीनाथने साखराबाईला उभं केलं आणि तानाजीने वनमालाला. त्या दोघींना कुणी विचारलं नाही. नवरे गावभर एकमेकांची उणीदुणी काढत फिरत होते आणि जावा मागच्या दारी एका सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. घरची मतं फुटली, दोघी पडल्या आणि सोमनाथची बायको सत्यशीला मधल्या मधे निवडून आली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. ही म्हण शाळेच्या भिंतीवर रंगवलेली होती आणि मतदान त्याच शाळेत झालं होतं.

पडण्याचं एवढं काही नाही. पडणारे पडतात, पुन्हा उभे राहतात. पण मारुतीच्या देवळापुढच्या सभेत तानाजी माइक हातात धरून बोलला होता, "दादानं आमाला सांभाळलं न्हाई, राबवलं." वडील गेले तेव्हा गहिनीनाथला मिसरूडही फुटलं नव्हतं. शाळा सोडून त्याने औत धरलं होतं. तो शब्द त्याच्या काळजात जो रुतला तो निघालाच नाही. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद झालं.

मग वाटण्या झाल्या. घरात भिंत आली, विहिरीच्या पाळ्या लागल्या. ट्रॅक्टर मात्र चिरून वाटता येईना. तेव्हा पंचांनी तोड काढली की ट्रॅक्टर गाळ्यात राहील, शटरला दोन्हीकडे दोन कुलपं लागतील, डावं थोरल्याचं आणि उजवं धाकट्याचं. एकाने दुसऱ्याला सोडून ट्रॅक्टर काढायचा नाही. पंच चहा पिऊन निघून गेले.

सुरुवातीला बरं चाललं. कुलूप काढायचं आणि मान फिरवून चालू लागायचं. दिवाळीनंतर शटरची एक स्प्रिंग गेली, पाठोपाठ दुसरी गेली, आणि रोज सकाळी दोघांना दोन टोकांना वाकून ते धूड उचलावं लागायला लागलं. उचलायचं तर एकदम उचललं पाहिजे, नाहीतर तिरपं होऊन अडकतं. आणि एकदम उचलायचं तर कुणीतरी 'हं' म्हणायला पाहिजे. 'हं' म्हटलं तर बोलल्यासारखं होतं. म्हणून गहिनीनाथ खोकायचा. तो खोकला की दोघं जोर लावायचे. मिस्त्री बोलवायला दोघांपैकी एकही तयार नव्हता. जो बोलवेल त्याची गरज मोठी ठरली असती.

तानाजीचं दार उघडलं. तो सावकाश आला, कुलूप काढलं, आपल्या टोकाला वाकला. गहिनीनाथ खोकला. शटर करकरत वर गेलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

ट्रॅक्टर बाहेर काढण्याआधी गहिनीनाथने खिशातून मोबाइल काढला आणि तेलगावच्या शटरवाल्याला फोन लावला. मग भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने तो दारात उभ्या साखराबाईला म्हणाला,

"उद्या मिस्त्री येतोय, म्हणावं. नव्या स्प्रिंगा टाकतोय. मंग कुनाच्या दाराकडं बघत उबं ऱ्हायची गरज न्हाई, म्हणावं."

भिंतीपलीकडून वनमालाला उद्देशून तानाजीचा आवाज आला,

"लई चांगलं झालं, म्हणावं. आमाला बी रोज सकाळी थोबाड बघावं लागनार न्हाई, म्हणावं."

दोघी जावांनी आपापल्या दारातून एकमेकींकडे पाहिलं आणि कामाला लागल्या. निरोप पोचवायची त्यांना कधीच गरज पडत नसे.

दुसऱ्या दिवशी हरिओम मिस्त्री आला. पोत्यात नव्या स्प्रिंगा, हातात दोन मोठे पाने. त्याचा जोडीदार कुठल्याशा लग्नाला गेला होता. त्याने शटर खाली घेतलं, वरचे बोल्ट सोडले, आतली नळी उतरवली, तुटक्या स्प्रिंगा काढून नव्या बसवल्या आणि नळी परत वर चढवली. इथवर त्याला कुणाची मदत लागली नाही. मग शिडीवरून तो म्हणाला,

"काका, आता दोन माणसं लागतील. नळी फिरवून स्प्रिंगला पीळ द्यायचाय. मी मधून फिरवनार, तुमी दोगांनी दोन्ही टोकाला पाना धरून ठेवायचा. मी बोल्ट कसस्तोवर सोडायचं न्हाई. सुटला की पाना गरकन फिरतो, हाड मोडतो."

गहिनीनाथ आपल्या टोकाच्या स्टुलावर चढला. तानाजी गुमान दुसऱ्या स्टुलावर चढला.

"त्या काकांना सांगा, पाना जरा खाली धरा म्हनून," हरिओम गहिनीनाथला म्हणाला.

"तूच सांग," गहिनीनाथ म्हणाला.

हरिओमने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो बाहेरगावचा होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. "भाऊ हायत ना तुमी?" असं त्याने विचारलं. दोघांनीही आपापले पाने घट्ट धरले. मग त्याने विचारायचं सोडून नळी फिरवायला सुरुवात केली.

प्रत्येक वळशाला पाना जड होत गेला. रेडकाने दाव्याला ओढ द्यावी तशी ती नळी उलटी फिरायला बघत होती. गहिनीनाथचा डावा खांदा धरलेलाच होता. बरेच दिवस झाले, पण हे तो कुणाला सांगत नव्हता. आता त्या खांद्यातून कळ निघाली, तळवा घामाने ओला झाला आणि पाना बोटभर सरकला. हरिओमच्या हातातला बोल्ट नेमका आटे धरेना.

"धरा काका, धरा."

पाना आणखी सरकला.

"दादा, सोड!" तानाजी ओरडला. "हात काड! मी धरतो, तू हात काड!"

गहिनीनाथने हात काढला नाही. आपण सोडलं तर सगळा पीळ तानाजीच्या टोकाला जाईल आणि त्याचं मनगट फिरेल, एवढंच त्याला त्या क्षणी कळत होतं. त्याने छाती पान्यावर टेकवली, अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला आणि डोळे मिटले. हरिओमचा बोल्ट बसला. मग दुसरा बसला.

"सोडा आता," हरिओम म्हणाला.

गहिनीनाथ स्टुलावरून उतरला. आणि त्याला असा काही राग आला होता की तो नेमका कशाचा हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"सोड म्हनतो. कुनी सांगितलं तुला सोड म्हनायला? सोडलं असतं तर मनगट गेलं असतं तुजं, येड्या."

"आन तुजा खांदा? त्या खांद्यानं भरली बादली उचलत न्हाईस तू, अन इथं निघालास पैलवानकी दाखवायला."

खांद्याचं याला कुणी सांगितलं? गहिनीनाथने दाराकडे पाहिलं. साखराबाई पदर सावरत दुसरीकडे बघत होती.

"माज्या खांद्याचं मी बघून घेतो. तू माइकवर बोल, तेवढं जमतंय तुला. राबवलं म्हनलास. सगळ्या गावापुढं म्हनलास."

"म्हनलो! खोटं हाय का? पहाटं उठवून रानात पाटाची दारं धरायला पाठवायचास. थंडीत. पाय फुटायचे माजे. रडलो तरी पाठवायचास."

"आन मी काय गोधडीत झोपलेलो व्हतो का बे?"

"न्हाई. तू बी व्हतास."

"मंग?"

"मंग काय? तू बी राबलास. पन मला कदी इचारलं न्हाईस, तानाजी, तुला काय करायचंय म्हनून. एकदा बी न्हाई."

गहिनीनाथने बाहीने तोंडावरचा घाम पुसला. विचारलं नव्हतं हे खरं. विचारायचं असतं हेच त्याला कधी सुचलं नव्हतं. वडील गेल्यावर त्याला तरी कुणी विचारलं होतं? पण हे बोलायचं म्हणजे भांडणात हार मानल्यासारखं झालं असतं.

"इचारायचं म्हनता," साखराबाई दारातून म्हणाली, "तर आमाला तरी कुनी इचारलं व्हतं, उबं ऱ्हाताना?"

हरिओमने शिडीवर बसल्या बसल्या खाली पाहायचं टाळलं आणि उगाच एक घट्ट बोल्ट पुन्हा कसला. वनमाला आत जाता जाता म्हणाली,

"च्या टाकते. भांडू द्या त्यांना, अक्का. लई दिवसांनी भांडायलेत."

आणि ते भांडले. वाटणीत गेलेल्या आंब्यावरून भांडले, कुणी कुणाच्या बांधावर नांगर घातला त्यावरून भांडले, आईच्या दहाव्याला कोण उशिरा आलं होतं त्यावरून भांडले. चहा आला तरी कप हातात घेऊन भांडले. गहिनीनाथचा आवाज बसला. आतल्या आत कोंडून ठेवलेलं ते बाहेर पडत होतं खरं, पण राग काही कमी होत नव्हता. उलट प्रत्येक गोष्टीगणिक त्याला आणखी दोन आठवत होत्या.

संध्याकाळी हरिओमने शटर जोडून दिलं. खालच्या पट्टीला एक बोट लावलं तर ते सरसर वर गेलं.

"बगा. आता कुनाची गरज न्हाई. फकस्त एक ध्यानात ठेवा, हळू उचलायचं. शटर वर थांबवनारा खालचा अडकण गंजून गेलाय, तो मी येत्या बाजारी बसवून देतो. तवर जोरात उचलू नका, समदं वर जाऊन गुंडाळून बसंल."

हे दोघांनीही ऐकलं. दोघांनीही माना डोलावल्या.

सकाळी गहिनीनाथ बाहेर आला तेव्हा तानाजी आधीच आपल्या टोकाला उभा होता. उजवीकडचं कुलूप त्याच्या हातात होतं. कुलूप काढून तो मुकाट परत जाऊ शकला असता. आता उचलायला त्याची काही गरज नव्हती. गहिनीनाथच्या मनात आलं की म्हणावं, आता तुजं काय काम? त्याचसाठी तर एवढा खटाटोप केला होता. त्याने आपलं कुलूप काढलं, खिशात टाकलं आणि वाकला. तानाजीही वाकला.

गहिनीनाथ खोकला.

दोघांनी रोजच्यासारखा कंबरेतून जोर लावला. शटर त्यांच्या हातातून सुटलं, धडाधड वर गेलं, खालच्या पट्टीसकट वरच्या डब्यात शिरलं आणि तिथेच गच्च होऊन बसलं. वरून गिलाव्याचा भुगा दोघांच्या डोक्यावर पडला.

ट्रॅक्टर समोर उघडा पडला होता आणि शटर खाली यायचं नाव घेत नव्हतं.

"एवडा जोर कावून लावलास बे?" गहिनीनाथ म्हणाला.

"मी लावला? खोकला कोन?"

"मी खोकलो म्हंजी काय बैलावानी उचलायचं? मिस्त्री काय सांगून गेलाय?"

"तुला बी सांगून गेलाय."

रस्त्याने मोटारसायकल आली. सोमनाथने गाडी हळू केली, वर गुंडाळून बसलेल्या शटरकडे पाहिलं, भुग्याने पांढऱ्या झालेल्या दोन डोक्यांकडे पाहिलं, आणि पाय टेकवला.

"हात लावू का?"

"न्हाई," दोघं एकदम म्हणाले.

सोमनाथ निघून गेला. गहिनीनाथने मान वर करून डब्याकडे पाहिलं. पट्टी हाताला लागण्यासारखी नव्हती.

"स्टूल आन," तो म्हणाला.

तानाजी केसातला भुगा झटकत होता.

"तू आन," तो म्हणाला. "मला राबवू नको."

गहिनीनाथने त्याच्याकडे रोखून पाहिलं. तानाजीनेही नजर हटवली नाही. मग गहिनीनाथ वळला आणि स्टूल आणायला गेला.