पाकिटातला पॉलिश पेपर

इंदापूरच्या स्टँडला लागून सोपानची चपला-बूट दुरुस्तीची टपरी होती. टपरी चार पत्र्यांची, पण तिचं नाव थेट बावड्यापर्यंत. सोपानच्या हातचा टाका उसवत नाही असं लोक म्हणत, आणि लोक असं म्हणतात हे सोपानला चांगलं ठाऊक होतं. कुणी बूट काढून दिला की तो आधी दुसऱ्या कुणाचा टाका सापडतोय का ते बघायचा. सापडला की काही न बोलता कापून टाकायचा आणि तो दोरा गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ठेवायचा.

दर रविवारी टपरी बंद ठेवून तो बारामतीला माल आणायला जाई. तिथल्या ठोक व्यापाऱ्यानं गेल्या वर्षी त्याच्या गळ्यात एक नवीच वस्तू मारली. घरच्या घरी बूट दुरुस्त करायचं पाकीट. आत सोल्युशनची ट्यूब, रबराचा तुकडा, दाभण, दोरा आणि घासायच्या खरखरीत पॉलिश पेपरचा एक चौकोन. व्यापारी म्हणाला, "लोकं मोबाइलवर बघून करत्यात आता. तुमी न्हाय ठेवलं तर शेजारचा ठेवंल."

पाकिटं खपली. पण तीच सोपानला भलत्या रीतीनं टोचायला लागली. एकदा एक मास्तर मुद्दाम टपरीसमोर थांबले, पाय उचलून बुटाचा तळ दाखवला आणि हसत म्हणाले, "दहा मिनिटांत झालं की, सोपानराव. आमाला उगंच वाटायचं तुमच्यापाशी काय मोठी विद्या हाय."

मास्तर गेले. सोपाननं हातातलं काम खाली ठेवलं, टांगलेली सगळी पाकिटं काढली आणि एकेक उघडून आतला पॉलिश पेपर काढून घेतला.

त्या कागदातच सगळं होतं. रबर आधी घासून खरबरीत करावं लागतं. मग दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून दहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. गुळगुळीत रबर ओल्यावर दाबलं तर ते चार दिवस धरतं आणि पाचव्या दिवशी सोडतं. सोपान हे कुणाला सांगेनासा झाला. त्याची बायको लीलाबाई दुपारचा डबा घेऊन आली, तिनं कागदांचा ढीग बघून विचारलं, "ह्ये का काढलं?"

"लोकांना कळत न्हाय त्येचा उपयोग," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यापासून माणसं परत यायला लागली. सुटलेले तळ हातात धरून, ओशाळं हसत. "तुमच्या हाताची सर आमाला न्हाय, सोपानराव." सोपान मान खाली घालून ऐकायचा आणि आतून सुखावायचा.

बावड्याची साखरबाई आली ती अशाच एका मंगळवारी. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, दुसऱ्याच्या उसात खुरपायला जाणारी बाई. तिची एकुलती एक लेक रेश्मा. रेश्माचा उजवा पाय जन्मापासून दीड इंच आखूड. ती सहा वर्षांची असताना साखरबाईनं तिला कडेवर आणलं होतं आणि सोपाननं वह्यांवर वह्या रचून तिच्या पायाखाली किती उंची लागते ते मोजलं होतं. रबराचे थर एकावर एक चिकटवून पहिला बूट केला, तेव्हा पोरगी टपरीपासून स्टँडच्या फाटकापर्यंत सात वेळा जाऊन आली होती. त्यानंतर तेरा वर्षं तिचा प्रत्येक बूट सोपाननंच केला. आता ती बारामतीला कपड्यांच्या कंपनीत लागली होती. मुलींबरोबर खोली करून राहायची, शनिवारी रात्री बावड्याला यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची.

"बुटाचा खालचा थर कडंनं सुटाय लागलाय, दादा," साखरबाई म्हणाली. "रईवारी तुमी नसता, आन् तिला दुसऱ्या कुठल्या दिवशी सुट्टी न्हाय. पुढल्या महिन्यात तिला कामावर कायम करणार हायेत म्हणं. तवा म्हनलं, त्ये पाकीट न्यावं. मी लावीन."

सोपानच्या हातातली आरी थांबली. सगळ्या जगानं पाकीट न्यावं, पण ह्या बाईनं? त्याला ते फार लागलं.

"न्या की," तो म्हणाला.

"कसं लावायचं त्येवढं नीट सांगा. मला वाचता येत न्हाय."

"सांगायचं काय त्यात? दोन्हीकडं लावायचं आन् दाबायचं."

"बास?"

"बास."

ती पाकीट पदरात गुंडाळून गेली. चार दिवसांत येईल, सोपाननं मनाशी म्हटलं. आली की आपण बूट हातात घेऊ आणि एक शब्दही बोलणार नाही.

साखरबाईनं रविवारी लेकीचा बूट पुसला, सोल्युशन लावलं आणि वर जात्याची तळी ठेवून दोन तास दाबला. सोमवार, मंगळवार, बुधवार बूट चांगला चालला. गुरुवारी सकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना रेश्मानं उजवा पाय पायरीवर ठेवला आणि खालचा थर निसटला. ती कुशीवर रस्त्यावर पडली. पाय मोडला तो डावा, चांगला. मांडीपाशी, दोन ठिकाणी.

सोपानला हे कळलं ते पंधरा दिवसांनी, साखरबाई पिशवीतून बूट घेऊन आली तेव्हा. ती बाकड्यावर बसली. मग म्हणाली, "मांडीत सळई घातलीय. कंपनीनं दुसरी पोरगी घेतली. रेश्मा माझ्याशी बोलत न्हाय, दादा. म्हनती, तूच मोडलास माझा पाय."

सोपाननं बूट उलटा केला. रबर आरशासारखं गुळगुळीत होतं आणि त्यावर सोल्युशनचा वाळलेला पापुद्रा नखानं सुद्धा निघत होता. बाईनं काडीचीही कसूर केली नव्हती. त्यानं सांगितलं तसंच केलं होतं.

"माजं काय चुकलं, त्येवढं सांगा," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाय. मला कळू तरी द्या."

लीलाबाई मागं डबा उघडत होती. तिचे हात थांबले.

"हात बसावा लागतो, साखरबाई," सोपान म्हणाला. "सगळ्यांनाच जमतं असं न्हाय."

साखरबाईनं मान डोलावली. ती गेल्यावर लीलाबाई डबा तसाच ठेवून उठली आणि घरी निघून गेली. त्या दिवसापासून ती टपरीवर यायची बंद झाली.

सोपाननं बूट नीट घासून, चिकटवून, कडेनं टाके घालून आजवर कधी केला नव्हता असा केला आणि स्वतः बावड्याला घेऊन गेला. खरं सांगून टाकायचं असं त्यानं एसटीत ठरवलंही होतं. रेश्मा खाटेवर होती. वाळून गेलेली, केस कापलेले. पडल्या पडल्या तिनं मोबाइलवर बूट चिकटवायचे सगळे व्हिडिओ बघून काढले होते. तिनं थेट त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "मामा, पाकिटात पॉलिश पेपर असतो का?"

साखरबाई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. खरं बोलायला तेवढाच एक क्षण होता, आणि तो त्यानं घालवला.

"असतो," तो म्हणाला. "प्रत्येकात असतो. आईनं टाकून दिला आसंल, कचरा समजून."

रेश्मानं आईकडं पाहिलं. साखरबाई आठवत राहिली. पाकीट उघडलं तेव्हाचा उंबरा, अंगण, केरसुणी, सगळं तिनं मनात पालथं घातलं आणि हळू आवाजात म्हणाली, "टाकला आसंल, बाई. काईतरी पडल्यागत झालं होतं खरं."

रेश्मानं भिंतीकडं तोंड फिरवलं. सोपान चहा पिऊन उठला.

चार महिन्यांनी रेश्मा काठी घेऊन चालायला लागली आणि पहिल्यांदा घराबाहेर पडली ती सुप्याला मावशीच्या घरी जायला. परत आली नाही. बूट तिनं दुसरीकडून करून घेतला. आईचा फोन ती उचलत नव्हती. कंपनीनं तिला परत बोलावलं नाही, आणि काठी काही सुटली नाही.

पौषात साखरबाई पुन्हा टपरीवर आली. अर्धी झाली होती. "तुमचं ऐकंल ती," ती म्हणाली. "तुमच्या फोनवरनं लावून द्या. माज्याकडनं चूक झाली, पर जन्मभर का?"

सोपाननं फोन लावला. दोनदा घंटी वाजली आणि रेश्माचा आवाज आला, "बोला, मामा." त्यानं फोन साखरबाईच्या हातात दिला.

"रेश्मे, मी हाय गं," साखरबाई म्हणाली.

पलीकडून फोन बंद केल्याचा खट आवाज झाला. तो सोपानला ऐकू आला. साखरबाईला आला नसावा, किंवा आलाही असेल. तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला आणि ती बोलत राहिली. शेळी व्याली, दोन करडं झाली. तुझी चादर धुऊन ठेवलीय. थंडीचं पायाला तेल लावतीस का. जेवलीस का.

सोपान पुढ्यातल्या बुटाला टाका घालत बसला. तिनं फोन परत देईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.