कचरापेटीतली चौतीस नावे

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसून घरादाराचे सगळे सांभाळायचे, हे माझे काम. ज्या वर्षी मला स्क्रू काढून बाहेर ठेवले, ते साल २०२२. दिवाळीच्या सुट्टीचे दिवस होते आणि घर होते बदनापूरच्या राजानंद सरांचे.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात धुळीचा एक कण पडू नये म्हणून माणसे नाकातोंडाला फडके बांधून वावरत. तिथून निघाले ती थेट बदनापुरात आले, जिथे सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. हे २०१३ साल. पहिला महिनाभर माझे कोण कौतुक! सरांच्या बायकोने, भावनाताईंनी, माझ्या डब्याला झालर लावलेले कापड शिवले. शेजारी बघायला आले, चहा पिऊन गेले.

मग मात्र हाल सुरू झाले. सर मला कधी नीट बंद करत नसत, सरळ भिंतीवरचे बटण दाबत. धावत्या माणसाच्या पायात काठी घालावी, तसे होई मला. एकाच बारशाचा एकच फोटो सतरा वेळा माझ्या पोटात कोंबलेला. व्हायरस येऊ नये म्हणून तीन-तीन राखणदार बसवलेले, आणि ते तिघे दिवसभर एकमेकांचीच झडती घेत. एवढे ओझे घेऊन मी चालायचे, तरी बोलणी मलाच. सरांची मुलगी अक्षता डब्यावर थाप मारून म्हणायची, "हिला चालू करावं अन् अंघोळ करून यावं." अगं पोरी, तूच काल माझ्यावर चार सिनेमे लादलेस की!

तक्रार न करणारे माणूस घरात एकच होते. सरांची आई, सत्यशीलाबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. दुपारी घर निजले की त्या माझ्यासमोर बसत आणि एका बोटाने लिहीत. माहेरच्या गावाची, धावड्याची, हकिकत होती ती. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या वस्तीने स्वतः खणलेली विहीर, तिच्यासाठी सुरुंगाने फुटलेले दगड उपसणारे त्यांचे वडील भिवा, आणि शेवटी खणणाऱ्या चौतीस बाया-माणसांची नावे. निम्मी नावे त्यांना आठवत होती. उरलेली त्यांच्या बालमैत्रिणीने, बेबीनंदाने, पावसाळ्यात फोनवर एकेक करून सांगितली. गणपतीनंतर बेबीनंदा वारली. आता ती नावे सगळ्या जगात फक्त माझ्यापाशी होती.

आणि बाईंनी ती ठेवली कुठे? कचरापेटीत!

हो, नको असलेले टाकायची कॉम्प्युटरमधली ती पेटी. पहिले पान लिहिले तेव्हा सरांनी ते वाचून हसत म्हटले होते, "माय, एवढं सगळं कोण वाचून राह्यलंय?" बाईही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज लिहून झाले की ते लिखाण कचऱ्यात टाकू लागल्या. रोज दुपारी बाहेर काढायचे, चार ओळी लिहायच्या, पुन्हा टाकायचे. मी दोन वर्षे ही काढघाल सोसली. किती वाटे, ओरडून सांगावे, बाई, ही जागा धड नाही! पण मला तोंड नाही. मला नुसती घरघर येते, आणि घरघर केली की लोक म्हणतात, बिघडली.

त्या दिवाळीत सरांनी कल्याणला बोलावले. स्टेशन रस्त्यावर त्याचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. पोरगा हुशार, पण घाईचा. त्याने खिशातून एक वस्तू काढली. बिस्किटाएवढी, आवाज नाही, हालचाल नाही. एसएसडी म्हणे, माझ्या जागी बसणारी नवी डिस्क. "सर, हे बसवलं की बैलगाडीला फटफटीचं इंजिन लावल्यागत पळतंय बघा." बैलगाडी म्हणजे मी.

काय काय ठेवायचे ते त्याने सरांना विचारले. सरांनी फोटो सांगितले, शाळेची कागदपत्रे सांगितली. भावनाताईंना विचारले, अक्षताला विचारले. सत्यशीलाबाई तिथेच सुपात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारले नाही. आणि कल्याण म्हणाला, "कचरा कशाला नव्या घरात न्यायचा?" एक बटण दाबून त्याने पेटी रिकामी केली. वर अर्धा तास माझ्यावरच कसलेसे प्रोग्राम उतरवून घेतले. मग मला काढून टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवले. त्याच्या वडिलांच्या किराणा दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण साठवायला मी चालणार होते, परवा येऊन नेतो म्हणाला.

नवीन पाहुणा बाराव्या सेकंदाला हजर होऊ लागला. घरात टाळ्या. दुसऱ्या दुपारी बाईंनी पेटी उघडली. रिकामी. त्यांनी ती बंद केली, पुन्हा उघडली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा उघडली. रात्री जेवल्या नाहीत, पित्त झाले म्हणाल्या.

तिसऱ्या सकाळी भावनाताईंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि उठूच दिले नाही. "आत्याबाई, पित्तानं असं होतंय का? काय झालं ते सांगा."

"मही पानं गेली," बाई म्हणाल्या. मग सगळे सांगितले.

सर डोक्याला हात लावून बसले. "माय, कचऱ्यात कोणी जपून ठेवतंय का?"

"मह्या मायनं ठेवलं होतं. रझाकार आल्ते तव्हा गावानं चीजवस्त पेटीत कुलपात ठेवली, ती सगळी गेली. मायनं चांदीचे गोठ उकिरड्यात पुरले. उकिरडा कोणी उकरला न्हाई." मग थांबून म्हणाल्या, "मी चांगल्या जागी ठेवलं असतं तर तू वाचून हसला असतास, राजू."



एवढ्यात मला न्यायला कल्याण दारात आला. त्याने ऐकले आणि त्याचा चेहरा पडला. "आजी, त्याच दिवशी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं मी. पण पुसलं म्हंजे जळत न्हाई. वरून दुसरं लिहिलं न्हाई तोवर खाली राहतंय." हेच तर मी फळीवर पडून दोन दिवस सांगत होते! सगळे माझ्या पोटात होते. संध्याकाळपर्यंत कॅमेऱ्याला लावली असती, तर मात्र त्या नावांवर किराणा दुकानातली गिऱ्हाइके चालून गेली असती.

मला एका तारेने पुन्हा कॉम्प्युटरला जोडले. पुसलेले सगळे वर आले, पण नावाशिवाय. नुसते आकडे, नऊशे फायली. प्रत्येक उघडून वाचल्याशिवाय गत्यंतर नव्हते. अक्षताने तीन दिवस वाचले. चौथ्या दिवशी तिला विहीर सापडली. ती मोठ्याने वाचू लागली, तशी भावनाताई गॅस बंद करून आल्या. सर दाराशी उभे राहूनच ऐकत होते. भिवा आजोबांच्या हाताला फुटलेल्या फोडांवर सरांची आई, तेव्हाची लहान पोर, चुना लावते, ते पान आले तेव्हा त्यांनी पाठ फिरवली.

नावांची यादी एकतिसाव्या नावावर तुटली. पुढे नुसती चिन्हे. कल्याणचे प्रोग्राम नेमके तिथेच उतरले होते. बाईंना दोन नावे आठवली. चौतिसावे बेबीनंदाने सांगितलेले होते. ते काही आठवले नाही.

आता मंडळींचे काय झाले ते सांगते. कल्याणचे दुकान चांगले चालते. तो अजून घाईचाच आहे, पण कोणाच्याही घरी गेला की आधी म्हातारी माणसे कुठे बसलीत ते बघतो आणि त्यांना पहिल्यांदा विचारतो. अक्षता संभाजीनगरला शिकायला गेली. भावनाताई सासूबाईंचे लिखाण तपासून देतात आणि शुद्धलेखनावरून दोघींचे वाद होतात. सर पुढच्या उन्हाळ्यात आईला घेऊन धावड्याला गेले, घरोघर विचारले. नाव मिळाले नाही. विहिरीच्या कठड्यावर त्यांनी दगड बसवला. त्यावर तेहतीस नावे आहेत आणि चौतिसावी ओळ कोरी सोडली आहे. सत्यशीलाबाई मागच्या थंडीत गेल्या, शेवटपर्यंत ते नाव आठवून बघत.

मी भावनाताईंच्या कपाटात, साड्यांच्या घडीत आहे. मित्रांनो, यंत्र जरूर बदला. मी रागावणार नाही, माझे वयच झाले होते. पण जुने काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा. ती कोरी ओळ मी नाही भरू शकत.