न बोलणाऱ्या सावकाराची बंगई

मी एक जुनी बंगई आहे. तुमच्यापैकी काही जण मला झोपाळा म्हणत असतील, तर म्हणा. माझी फळी सातपुड्यातल्या सागाची. ज्या सुताराने मला घडवलं त्याने माझ्या कडा तळहाताने चाचपून चाचपून घासल्या, का तर पोराबाळांच्या मांडीला कुसळ टोचू नये. भला माणूस होता. माझ्यावर कोण बसणार आहे हे त्याला ठाऊक असतं, तर त्याने एवढी मेहनत घेतली नसती.

मला विकत घेतलं भगवंतरावाने. जळगाव जामोदच्या अलीकडे एक बाजाराचं गाव आहे, तिथला हा सावकार. घरं गहाण ठेवून घ्यायचा आणि पैसे द्यायचा. सगळं गाव त्याला अहो-जाहो करी. मी करणार नाही. मी त्याला वर्षानुवर्षं अंगावर वागवलं आहे, तेव्हा मला तेवढा हक्क आहे. लोक ओसरीत आले की आधी माझी तारीफ करत, "काय सुरेख बंगई आहे!" आणि हा गृहस्थ मिशीवरून हात फिरवी, जणू सागाचं झाड यानेच लावलं होतं.

मित्रांनो, या ओसरीचा एक रिवाज होता. बंगई हलत असेपर्यंत भगवंतरावाशी कुणी बोलायचं नाही. त्याने पाय जमिनीला टेकवून मला थांबवलं, की मग बोलायचं. तोवर आलेल्या माणसाने पायरीशी उभं राहायचं. मोठ्या माणसाचा मान म्हणे! अहो, कसला मान? ज्याला उत्तर द्यायचं नसे, त्याच्यासमोर तो डोळे मिटून झोके घेत राही आणि माणूस कंटाळून निघून जाई. त्याच्या त्या लबाडीत मला फुकटची साथ द्यावी लागे, याचा मला फार राग येई.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गावात दयाराम नावाचा एक माणूस होता. त्याचं घर एसटीच्या थांब्यासमोर होतं. भगवंतरावाकडे घर गहाण टाकून त्याने पुढच्या खोलीत चहाचं हॉटेल काढलं. हॉटेल बरं चाललं होतं. मग नवा पक्का रस्ता झाला आणि एसटी गावाबाहेरून जाऊ लागली. थांबा हलला, गिऱ्हाईक गेलं. त्या घराला कुणी विचारीना. इकडे व्याज मात्र चढत होतं. घराची किंमत खाली आणि कर्ज वर, अशी त्याची गत झाली.

तरी एक गिऱ्हाईक मिळालं. निवृत्ती मास्तरांना शाळेजवळचं हे घर हवं होतं. ते देत होते ते पैसे कर्जापेक्षा कमी होते, पण त्या घराला त्याहून जास्त कुणीच दिले नसते. आता भगवंतरावाने एवढंच म्हणायचं होतं, की तेवढे घेतो, गहाण सोडतो, उरलेलं माफ. तो हो म्हणाला तर दयारामचं कुटुंब देऊळघाटला बायकोच्या भावाकडे जाऊन, डोक्यावर कर्ज न ठेवता, नवा संसार मांडणार होतं. नाही तर घरही गेलं असतं आणि उरलेलं कर्ज जन्मभर मागे लागलं असतं.

दयाराम आला. पायरीशी उभा राहिला. मी हलत राहिले, म्हणजे मला हलवलं गेलं. तो गेला. पुन्हा आला. कधी भगवंतराव पूजेत, कधी वामकुक्षीत, कधी म्हणे आज अमावास्या, देण्याघेण्याचं बोलायचं नाही. निरोप पाठवला तर निरोप्याला ताक पाजून परत पाठवी, उत्तर नाही. तुम्हाला वाटेल, केवढा पोचलेला माणूस! छे, तेवढं डोकं त्याच्याकडे नव्हतं. तो नुसता भित्रा होता. हो म्हटलं तर पैसे बुडतील आणि नाही म्हटलं तर ते ओसाड घर आपल्या गळ्यात पडेल, अशी भीती. म्हणून तो गप्प बसे, आणि गाव त्या गप्प बसण्याला धीरगंभीरपणा म्हणे. माझ्या फळीवर कोण बसलं आहे ते मला चांगलं कळत होतं. तिथे भरपूर जेवलेलं एक पोट होतं, बाकी काही नव्हतं.

शेवटी दयारामने येणं सोडलं. मग त्याची बायको येऊ लागली, सत्यभामाबाई. ती रिवाज न पाळता मी हलत असतानाच बोलली.

"भाऊ, हो म्हना, नाहीतं नाही म्हना. मास्तर दसऱ्यापावतर थांबतो म्हनते, मंग ते दुसरं घर घेतीन. आमाले काहीतरी सांगा ना."

झोके चालूच.

"काऊन बोलून नाही राह्यले तुमी? आमी का दगडाशी बोलून राह्यलो?"

त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. लाजेने माझ्या कड्या करकरल्या, पण माझं कोण ऐकतं!

दसरा तोंडावर आला तेव्हा ती पुन्हा आली. या खेपेला एकटी नव्हती. तिच्याबरोबर दयाराम होता, निवृत्ती मास्तर होते आणि गावचे जुने पंच रंगराव होते. तिच्या हातात पितळी ताट, ताटात विडा आणि वर एक रुपया. रंगरावांनी सगळा सौदा मोठ्याने सांगितला. मास्तर इतके देतील, भगवंतराव ते घेऊन गहाण सोडतील, उरलेलं माफ. मग सत्यभामाबाईने ताट पुढे केलं.

मित्रांनो, आमच्या भागात पंचांसमोर सौदा सांगून विडा ठेवला आणि समोरच्याने तो उचलला, की बोलणं पक्कं झालं. मान्य नसेल तर ताट मागे सारायचं. हे भगवंतरावाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचे स्वतःचे सगळे व्यवहार याच विड्यावर उभे होते. पण इतकी वर्षं तोंड बंद ठेवून तो सगळ्यांतून सुटला होता, तेव्हा आपण बोललो नाही म्हणजे बांधले गेलो नाही, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. त्यात समोर फुकटचा विडा आणि वर रुपया. त्याने एक डोळा उघडला. रुपया कमरेला खोचला, विडा तोंडात टाकला, आणि पुन्हा झोका घेतला.

सत्यभामाबाईने पुढे होऊन माझी कडी धरली. मी जागच्या जागी थांबले. आजवर मला त्याच्या पायाखेरीज कुणी थांबवलं नव्हतं.

रंगराव म्हणाले, "मंग भगवंतराव, पक्कं झालं."

विडा गालात धरून तो ओरडला, "म्या कुठी हो म्हतलं? म्या तं तोंडसुद्धा नाही उघडलं!"

"इडा खायाले तं उघडलं ना, भाऊ," सत्यभामाबाई म्हणाली. "तुमी बोलत नाही हे साऱ्या गावाले मालूम हाये. म्हनूनच तं ताट घेऊन आली मी."

मास्तरांना हसू आवरेना. भगवंतरावाने रुपया काढून ताटात टाकला, पण विडा कुठून काढणार? आणि हा विडा खोटा म्हटला, तर उद्या त्याच्या कर्जदार कुळांनीही आपापला विडा खोटा म्हटला असता. जळगाव जामोदच्या कचेरीत जाऊन त्याने मुकाट्याने सही केली. घर मास्तरांचं झालं.

देऊळघाटला निघायच्या दिवशी सत्यभामाबाई आमच्या ओसरीत आली. भगवंतराव खांबाला टेकून उभा होता. ती त्याच्याकडे न बघता माझ्यावर येऊन बसली आणि तिने सावकाश दोन झोके घेतले. इतके दिवस उभी राहून तिचे पाय दुखले असतील. मग डोळ्यांना पदर लावून ती उठली आणि गेली. राहतं घर सोडून चालली होती बिचारी. तो काही बोलला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही, फक्त किळस आली.

आता मी म्हातारी झाले. फळीला चीर गेली आहे, कड्या गंजल्या आहेत. मित्रांनो, माझी निगा राखा असं मी सांगणार नाही. लाकूड आज ना उद्या चुलीत जायचंच. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही ओसरीत कुणी गरजू माणूस येईल. त्याला नाही म्हणायचं असेल तर खुशाल नाही म्हणा, तो दुसरी वाट शोधेल. मात्र त्याला पायरीशी उभं ठेवून झोके घेऊ नका.