लाल नायलॉनचं ठिगळ

“हात लावू नको, वयनी! चावात ती!”

नेव्हिल ओरडला तरी रोझा वाळूत गुडघे टेकून बसलीच. तोंडवलीच्या किनाऱ्यावर जाळ्याचा भलामोठा गुंता येऊन पडला होता आणि त्यात एक कासवीण अडकली होती. नायलॉनचा दोरा मानेत रुतलेला. ती धडपडे तसा तो आणखी आवळत होता.

“सुरी हाड. बेगीन!”

नेव्हिल तिचा धाकटा दीर. तो सुरी आणायला होडीकडे पळाला. रोझानं गाठीत नखं घातली, पण ओल्या नायलॉनची गाठ ती, नखांना कसली दाद देते! तेवढ्यात तिला गुंत्यात लाल रंग दिसला आणि ती थांबली. निळ्या जाळ्याला लाल ठिगळ होतं. निळा दोरा संपला म्हणून तिनंच विणलेलं. “जाळ्याक कुकू लावलंस काय गो?” म्हणून तिच्या नवऱ्यानं, बाबुशनं, तिची चेष्टा केली होती. दुसऱ्या दिवशी तेच जाळं घेऊन तो समुद्रात गेला आणि परत आलाच नाही. चर्चच्या सिमेटरीत त्याच्या नावाचा क्रूस आहे, खाली नुसती माती.

नायलॉनचा हट्टही तिचाच. सासऱ्यांची सुती जाळी कुजायची. “ह्या कुजूचा नाय,” असं ती छातीठोकपणे म्हणाली होती. खरंच कुजलं नव्हतं. धनी गेला तरी मेलं एकटंच मासेमारी करत राहिलं होतं.

नेव्हिल सुरी घेऊन आला. ठिगळ त्यानंही ओळखलं.

“ह्या दादाचा जाळा! लाल तेवढा रवांदे वयनी, मी दुसरीकडसून कापतंय.”

रोझालाही तेच हवं होतं. बाबुशचं म्हणून एवढंच काय ते परत आलं होतं, ते कसं मोडायचं? नेव्हिल निळे दोरे सपासप कापत गेला, तरी फास सुटेना. मानेत रुतलेला फास लाल दोऱ्याचाच निघाला. कासविणीचं डोकं वाळूवर टेकलं.

“मेली काय गो?”

रोझानं त्याच्या हातातली सुरी हिसकावून घेतली.

“बाबुश, माफ कर रे,” म्हणत तिनं आपलंच ठिगळ उभं कापलं. तिला रडू फुटलं. फास सुटला, पण कासवीण हलेना. मग कासविणीनं घशातून हवा ओढली, पुढचा एक पाय हलवला आणि सावकाश पाण्याकडे सरकू लागली.

“ह्या आता खंय न्हेतंस?” गुंता गोळा करणाऱ्या वहिनीला नेव्हिलनं विचारलं.

“घराक. पुन्ना दर्यात जावंक नको.”

विहिरीवर तिनं जाळं गोड्या पाण्यात धुतलं आणि दोन माडांमध्ये वाळत घातलं. बाबुश समुद्रावरून आला की ती आधी हेच करायची.