गव्हाणीतल्या काड्या

यंदा गव्हाण जरा जास्तच भरत चालली होती, आणि सासूबाईंना काही ते खपत नव्हतं.

नाताळ तोंडावर आला होता. घराची रीत जुनी. बाळ येशू गोठ्यात जन्मला, त्याला अंथरूण मऊ मिळावं म्हणून कुणी चांगलं काम केलं की देखाव्यातल्या छोट्या रिकाम्या गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची. कुठलं काम, ते मात्र सांगायचं नाही. काड्या सासऱ्यांच्या कपबशांच्या दुकानातल्या, माल फुटू नये म्हणून खोक्यांत भरलेल्या; त्यातलं एक खोकं गव्हाणीशेजारी ठेवलेलं. दरवर्षी सणापर्यंत जेमतेम तळ झाकायचा. यंदा हा ढीग!

एवढं पुण्य करतंय कोण? सासरे दुकानात पेंगणार, मुलगा स्वतःची चादरही घडी करत नाही. राहता राहिली यंदाच घरात आलेली सून. बया मुठीमुठीनं टाकतेय, दुसरं काय! मुलगा वेगळी खोली बघून आला होता, जायचं की नाही ते सणानंतर सांगतो म्हणाला होता. म्हणजे उद्या घर फुटलं तर लोकांनी म्हणावं, सून देवमाणूस आणि सासूच खाष्ट. आणि लेक हातचा जाणार तो जाणारच!

सासूबाईंनी पाळत ठेवली. जेवणं आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "भाजीत मीठ घालायला आईनं शिकवलं नाही वाटतं?" सुनेनं हात पुसले आणि ती सरळ गव्हाणीकडे गेली.

"सापडलीस!" सासूबाई ओरडल्या. बापलेक धावत आले. "आत्ता कुठलं गं चांगलं काम केलंस? मीठ विसरलीस ते?"

"आई, सांगायचं नसतं ना."

"खोटी पडशील म्हणून!"

सुनेचे डोळे भरले. "तुम्ही बोलता, तेव्हा मी उलट बोलत नाही. तेवढ्याचीच टाकते मी काडी."

सासऱ्यांनी ढिगाकडे पाहिलं, मग बायकोकडे. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. कुणी हसलंसुद्धा नाही, ते सासूबाईंना फार झोंबलं. सणसणीत उत्तर जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

मग त्यांनी खोक्यातून एक काडी घेतली आणि ढिगावर ठेवली. ती घरंगळून खाली पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. तेव्हा सुनेनं आपल्या मूठभर काड्या उपसून बाजूला काढल्या.

"आता ठेवा, आई," ती म्हणाली.