उजवीकडून फिरलेलं वादळ

"अधिक महिना लागला की देवाला काय वाहायचं ते वाहा, पण महिनाभर तोंडातनं खोटं काढू नको. आन् नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडू नको. दोन्ही एकदम जमलं तरच व्रत."

हे आमच्या सासूबाईंचं सांगणं. सोजराबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण अधिक महिना लागला की पहाटे पिंपळाला पाणी घालताना त्यांचा आवाज कानात येतोच. त्यांना हे सांगणं सोपं होतं. त्यांचे मालक मितभाषी होते. माझे मालक मारुतराव आहेत.

यंदा जेठातच अधिक महिना आला आणि त्यातच वळवाचं वादळ झालं. दुपारी मी मागच्या दारी अनारशाचं पीठ चाळत होते. आभाळ काळं झालं, एकदम गार वाटलं, आणि विहिरीच्या पलीकडं वारा वरून खाली आदळला. भरलेलं पिठाचं पोतं उंचावरून जमिनीवर पडावं आणि पीठ चहूकडं उडावं, तशी धूळ चहूकडं गेली. मी डोळ्यांनी पाहिलं. नंतर गारा, पाऊस, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं गप. बांधावरच्या बाभळी मोडल्या, शेवगे पडले, गोठ्याचे दोन पत्रे उसात जाऊन बसले. माणसांना, जनावरांना देवाच्या कृपेनं काही झालं नाही.

हे तेवढा वेळ पलंगाखाली होते. वर गादी ओढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा चॅनेलचा माणूस मोबाईल घेऊन आला, तेव्हा मात्र यांनी पागोटं बांधलं आणि बांधावर उभं राहून सांगितलं, "आभाळातनं हत्तीच्या सोंडेवानी सोंड खाली उतरली. गरागरा फिरत आली. टोरनाडो! मी हितं उभा व्हतो, हितं!"

मी आतून ऐकत होते. त्या माणसानं मला काही विचारलं नाही, त्यामुळं व्रत शाबूत राहिलं.

यांना असं का सुचलं, तेही सांगायला हवं. आमच्या लेकीचे सासरे बाळासो नदीपलीकडं राहू गावात असतात. गेल्या वर्षी त्यांच्या उसात बिबट्या निघाला आणि ते तीनदा टीव्हीवर दिसले. तेव्हापासून फोन केला की, "काय व्याही, तुमच्याकडं काय विशेष?" एवढंच विचारतात आणि हसतात. आमच्याकडं विशेष काही नसायचं. आता सोंड होती.

सोंडेची बातमी पुण्याला वाऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांपर्यंत गेली आणि तिथून एका बाईंचा फोन आला. पाहणीला येतो म्हणाल्या. कुठलं झाड कुठं पडलंय, त्याचा शेंडा कुठल्या दिशेला आहे, यावरून वारा कसा आला ते कळतं, म्हणून कशालाही हात लावू नका.

"न्हाई लावत," हे म्हणाले. फोन ठेवला आणि लगेच हाक मारली, "पोपट, ट्रॅक्टर काढ!"

पोपट आमच्याकडं ट्रॅक्टर चालवतो. दोघांनी बांधावरच्या बाभळी आणि शेवगे साखळीनं ओढून नांगरटीत आणले आणि गोल मांडायला घेतले. सोंड फिरली म्हणजे झाडं गोल पडायला हवीत, असा यांचा हिशोब. मी चहा घेऊन गेले तेव्हा पोपटनं पहिल्या दोन बाभळी मांडल्या होत्या. हे त्याच्यावर ओरडले.

"आरं, उलटा काय जातोस? डावीकडनं कोण फिरतं व्हय? उजवीकडनं घे!"

"आबा, वाऱ्याला काय कळतंय डावं-उजवं?"

"वाऱ्याला न्हाई कळत, तुला कळतंय ना? शुभ काम हाय. उजवीकडनं घे."

पोपटनं बाभळी फिरवल्या. देवळाला प्रदक्षिणा घालताना माणसं जशी पुढं-पुढं जातात, तशी शेंडे पुढं करून सगळी झाडं एकामागं एक लागली. मग ट्रॅक्टरच्या खुणा पुसायला काट्याची फांदी मागं बांधून सारी नांगरट झाडून काढली. इतकी स्वच्छ नांगरट आमच्या लग्नातसुद्धा नव्हती.

संध्याकाळी हे माझ्यापाशी आले. आवाज मऊ.

"उद्या त्या बाई येतील. जावई-व्याहीबी त्याच दिवशी धोंड्याच्या जेवणाला येतायत. तू जरा..."

"मी खोटं बोलणार न्हाई. महिना कुठला चाललाय?"

"खोटं बोल कोण म्हणतंय? नुसती गप बस."

"गप बसते. पण मला कुणी सरळ विचारलं, तर सरळ सांगणार."

यांनी थोडा विचार केला. "तू कुणासमोर माझं नाक कापलं न्हाईस ना, तर महिन्याचे राहिलेले सगळे दिवस तुझ्या पिंपळाला मी पाणी घालीन. पहाटं उठून. शब्द देतो."

चाळीस वर्षांत हे पिंपळापर्यंत कधी आले नव्हते. मी हो म्हणाले. पण रात्री जप करताना मन काही लागेना. उद्या त्या बाईंनी मला विचारलं तर? खोटं बोलले तर सासूबाईंचं पहिलं सांगणं मोडतं, खरं बोलले तर दुसरं. देवा, मला कुणी विचारू नये एवढंच कर, असं म्हणून मी झोपले.

सकाळी बाई आल्या. करुणा नाव. अंगात साधा शर्ट, डोक्याला टोपी, गळ्यात होकायंत्र. यांनी आधी चौकशी केली.

"गाव कुठलं म्हणायचं?"

"दौंड. नागसेन गुरुजींची मुलगी मी."

"आरं तिच्या! गुरुजी वळखीचे हायत आमचे. मग तर घरच्याच तुम्ही. घरच्या माणसानं काय तपासायचं? लिहून टाका टोरनाडो."

करुणाताई हसल्या आणि ड्रोन सोडला. तेवढ्यात बाळासो व्याही आणि जावई गाडीतून उतरले. बाळासोंनी नांगरटीतली ती गोल मांडणी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. यांची छाती फुगली.

"बघा व्याही. बिबट्या काय, आज हाय उद्या न्हाई. ही निसर्गाची सही हाय."

करुणाताई वाकून एकेक बाभूळ पाहत होत्या. बुंध्याला हात लावत होत्या, माती चिमटीत घेऊन चोळत होत्या. मग ड्रोनचा फोटो मोबाईलवर पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"आबा, गंमत आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं असली वादळं जवळजवळ सगळी डावीकडून फिरतात. घड्याळाच्या उलटी. हे सुलटं फिरलंय. उजवीकडून."

"मग?"

"मग काही नाही. मोठं भाविक वादळ दिसतंय. प्रदक्षिणा घातलीय त्यानं."

पोपटनं यांच्याकडं पाहिलं. हे आभाळाकडं पाहायला लागले.

"असतं एखादं," हे म्हणाले.

"असतं. फार क्वचित. म्हणून तर साक्षीदार हवा. कुणी पाहिलं का डोळ्यांनी?" आणि त्यांची नजर फिरत-फिरत माझ्यावर आली. "काकू, तुम्ही होता ना घरी? तुम्ही पाहिलंत?"

हे माझ्याकडं असं बघत होते की मला पलंगाखालची गादीच आठवली. सासूबाई कानाशी उभ्या होत्या.

"पाहिलं," मी म्हणाले.

बाळासो दोन पावलं पुढं सरकले.

"सांगते सगळं," मी म्हणाले. "पण उन्हात उभं राहून न्हाई. ताटं वाढायची हायत. धोंडे गार झाले की चामट होतात. आधी हातपाय धुऊन घ्या बाई, चला, मोरी मागच्या दारी हाय."

पाहुण्याला हात धुवायला नेणं यात खोटं काही नाही आणि कुणाला खोटं पाडणंही नाही. मी तांब्या घेऊन पुढं झाले, त्या मागं आल्या.

मागच्या दारी माझी केळीची बाग आहे. पूजेला पानं लागतात म्हणून मीच लावलेली. वादळात सगळी केळ आडवी झाली होती. विहिरीजवळची गोठ्याकडं पडली होती, मधली सरळ पुढं, आणि कडेची पार बांधाकडं. हाताची बोटं पसरावी तशी. करुणाताई तांब्या हातात घेऊन तिथंच थांबल्या.

"काकू, यांना कुणी हात लावलाय?"

सरळ प्रश्न. मी सरळ उत्तर दिलं. "न्हाई बाई. ह्यांना मागं केळी हायत हेच ठाऊक न्हाई."

त्या इतक्या हसल्या की तांब्यातलं पाणी सांडलं. मग होकायंत्र काढलं, प्रत्येक केळीजवळ गेल्या, फोटो घेतले. विहिरीच्या पलीकडं जाऊन शेजारच्यांची पडलेली उन्हाळी ज्वारी पाहिली, ती उलट्या बाजूला पडली होती.

"आता विचारा," मी म्हणाले. कारण मी सांगते म्हणाले होते, आणि तोही शब्दच.

"आता कशाला? केळींनी सांगितलं. वारा इथं वरून खाली आपटला आणि सगळीकडं पसरला. याला डाउनबर्स्ट म्हणतात." मग हळूच म्हणाल्या, "पुढचं मी बघते. तुम्ही वाढा."

पंगत बसली. धोंडे, आमटी, तूप, अनारसे. दोन घास झाल्यावर करुणाताई म्हणाल्या, "आबा, तुमचं ते नांगरटीतलं फार दुर्मीळ आहे. असं सोडून चालणार नाही. बाहेरून माणसं बोलवावी लागतील."

हे खूश झाले. "बोलवा की!"

"एकेक बाभळीचं मूळ उकरून तपासतील. मूळ कुठल्या खड्ड्यातलं, बुंध्याला साखळीचे वळ कसे, सगळं. पंधरा-वीस जण असतील. राहायला इथंच. काकूंचे धोंडे खाऊन पाहतील."

"किती दिस?"

"महिना तरी. आणि तोवर नांगरटीत पेरणी नको. घड्याळाच्या दिशेनं का फिरलं, ते ट्रॅक्टरवाल्यालाही विचारतील."

पोपटला ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं. यांनी धोंड्याचा तुकडा तुपात बुडवला, वर काढला, परत बुडवला.

"बाई," हे म्हणाले, "त्याचं काय हाय... त्या बाभळी जरा हलल्या असतील."

"कुणाकडून?"

"आमच्याकडनं." एवढं म्हणून यांनी घास तोंडात घातला, म्हणजे पुढचं बोलायला नको.

बाळासो इतके हसले की त्यांचं पागोटं पाटावर पडलं. "व्याही! सोंड तुमच्या ट्रॅक्टरला व्हती म्हणा की! आन् तीबी देवभोळी!"

हे लाल झाले. तेव्हा करुणाताईंनी शांतपणे सांगितलं, "हसू नका मामा. यांच्याकडं आलेला वारा साधा नव्हता. वरून आदळणारा वारा कधीकधी छोट्या टोरनाडोइतकी मोडतोड करतो. यांच्या मागच्या दारची केळी आमच्या अहवालात छापून येणार आहेत. इतकी स्वच्छ खूण सहसा मिळत नाही."

यांनी मान वर केली. "केळी? आपल्याकडं केळी हायत?"

मी तूप वाढत राहिले.

"ऐकलं का व्याही?" यांचा आवाज परत आला. "अहवालात! तुमचा बिबट्या कुठल्या अहवालात आला का?"

बाळासोंनी पागोटं झटकून डोक्याला गुंडाळलं. "बिबट्यानं पेरणी थांबवायला न्हाई लावली." पण अनारसे त्यांनी पाच खाल्ले, त्यावरून त्यांच्या मनाला लागलं होतं हे मला कळलं.

सगळे गेल्यावर हे ओसरीवर बसले. मी पानाचा डबा ठेवला.

"तू गपच बसलीस," हे म्हणाले.

"व्हय."

"मीच बोललो."

"व्हय."

मी पिंपळाची आठवण करून दिली नाही. आठवण करून देणं म्हणजे टोचणं, आणि अधिक महिन्यात तेही नको वाटलं.

पहाटे मी चुलीपाशी होते. मागच्या दाराची कडी हळूच निघाली. हे अंघोळ करून, धोतर खोचून, माझी तांब्याची कळशी काखेत घेऊन निघाले होते. केळींपाशी थांबले, एका पडलेल्या खोडावर हात फिरवला, मग पिंपळाच्या पाराच्या वाटेला लागले. मी बघत नाही असं त्यांना वाटावं म्हणून मी जाळ पुढं सारला.